मेंदूतील धातू आणि प्रथिनांचे पुंजके : बेळगाव-निपाणीतील एक अनाठायी आणि एक अपुरी भीती

पुणे-बंगळुरू महामार्गाने कागल ओलांडून कर्नाटकात शिरले, की पहिले मोठे गाव लागते ते निपाणी, आणि तेथून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव. निपाणीची ओळख विडीच्या तंबाखूची. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले तेही येथेच. बेळगावच्या वेशीवर, यमनापूर येथे, अर्धशतकाहून अधिक काळ बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार करणारा कारखाना उभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील उंच सड्यांवर मिळणारे बॉक्साइट हा या उद्योगाचा कच्चा माल. एकाच रस्त्यावरच्या या दोन गावांशी जोडलेले दोन पदार्थ, ॲल्युमिनियम आणि तंबाखू, मेंदूच्या ऱ्हासाविषयीच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात.

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवलेल्या अन्नाने विस्मरणाचा रोग जडतो, ही भीती महाराष्ट्र, गोवा आणि सीमाभागातील असंख्य घरांत घर करून आहे. याउलट तंबाखू ओढणाऱ्यांना कंपवात कमी होतो, हे वाक्य अर्धवट ऐकून व्यसनाला आधार शोधणारेही आहेत. पहिली भीती बरीचशी अनाठायी आहे आणि तंबाखूची भीती असायला हवी त्याहून फार कमी आहे. असे का म्हणायचे, हे समजण्यासाठी प्रथिने, धातू आणि प्राणवायू यांचे मेंदूतील नाते पाहावे लागते.

घडी बिघडलेली प्रथिने

शरीरातील प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. पेशीत तयार झाल्यावर ही साखळी ठरावीक पद्धतीने दुमडली जाते आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. शहापूर-वडगावच्या मागावरून उतरलेली साडी नीट घडीत असली तर कपाटात राहते. तीच चुरगळली, दुसरीत गुंतली, तर बोळा होतो. चेतापेशीत असेच घडते. घडी बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात, आधी त्यांचे लहान समूह होतात, मग धागे आणि शेवटी न विरघळणारे पुंजके.

जर्मन वैद्य आलोईस आल्त्सहायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील अशा पुंजक्यांचे आणि गुंत्यांचे वर्णन केले. पुढे त्यांच्याच नावाने अल्झायमर हा रोग ओळखला जाऊ लागला. पेशींबाहेरचे पुंजके बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे असतात, हे १९८४ नंतर स्पष्ट होत गेले. पेशींच्या आतील गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे. कंपवात, म्हणजे पार्किन्सनच्या रोगात, अल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन पेशींत साचते. त्याची ओळख १९९७ साली पटली. हंटिंग्टनच्या रोगात प्रथिन वेगळे, स्नायूंचे बळ हिरावणाऱ्या मोटर न्यूरॉन रोगात आणखी वेगळे. रोग निराळे असले तरी मूळ बिघाडाची जात एकच : प्रथिनाची घडी बिघडणे आणि ते काढून टाकण्याची पेशीची ताकद कमी पडणे.

सर्वाधिक घातक कोण, यावर संशोधकांचे मत काळानुसार बदलले आहे. पूर्वी मोठे पुंजकेच पेशी मारतात असे मानले जाई. आता त्याआधीचे लहान, तरंगते समूह अधिक विषारी असावेत, असा विचार बळावला आहे. पुष्कळ पुंजके असूनही शाबूत स्मृती असलेली वृद्ध माणसे शवविच्छेदनात आढळली आहेत, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे.

धातूंविना मेंदू चालत नाही

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. इतका प्राणवायू जाळणाऱ्या अवयवात धातूंना मोठे काम असते. डोपामाइन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या विकराला लोह लागते. डोपामाइनपासून पुढचे रसायन बनवणाऱ्या विकराला तांबे लागते. दोन चेतापेशींच्या सांध्यात जस्त सोडले जाते आणि तेथील संदेशांवर त्याचे नियंत्रण असते. म्हणून ‘धातू म्हणजे विष’ ही समजूत मुळातच चुकीची आहे. धातू योग्य जागी, योग्य प्रथिनाच्या पकडीत असेल तर तो कामगार असतो. पकडीतून सुटला, की उपद्रव सुरू होतो.

या उपद्रवाचे रसायनशास्त्र प्रथम दिसले ते मेंदूत नव्हे, तर चिंचेच्या आंबटपणाशी नाते असलेल्या एका पदार्थात. टार्टारिक आम्ल हे चिंचेतील प्रमुख आम्ल. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडेसे लोह मिसळले असता तीव्र ऑक्सिडीकरण होते, हे हेन्री फेन्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली दाखवले. आज ही अभिक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो, असे पुढे मांडले गेले. हा कण इतका उतावीळ, की शेजारी जे सापडेल त्याला तो ऑक्सिडित करतो, मग ते पेशीचे पटल असो, प्रथिन असो वा जनुकीय द्रव्य. लोखंड गंजते तेव्हा बाहेर दिसणारी झीज आणि पेशीच्या आतील ही झीज एकाच घराण्यातील. प्राणवायूच्या अशा उतावीळ रूपांचा भार पेशीच्या बचावक्षमतेपलीकडे गेला, की त्याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

पेशींकडे या ताणाविरुद्ध पहारेकरी आहेत. ग्लुटाथायोन हे त्यांतील एक. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर दुसरे, आणि त्याच्या गाभ्यात तांबे व जस्त बसवलेले असते. मोटर न्यूरॉन रोगाच्या काही आनुवंशिक प्रकारांत याच विकराचे जनुक बिघडलेले असते, हे १९९३ साली उघड झाले. अशा रुग्णांत पहारेकऱ्याचीच घडी बिघडते आणि त्याचेच पुंजके होतात. प्रथिन, धातू आणि ऑक्सिडीकरण या तिन्ही गोष्टी एकाच रेणूत भेटण्याचे हे उदाहरण विरळा आहे.

अल्झायमरमध्ये हे तिघे दुष्टचक्रात सापडतात. बीटा-अमायलॉइड तांबे व जस्त यांना पकडून ठेवते, आणि जस्तामुळे त्याचे पुंजके वेगाने जमतात, हे १९९४ साली प्रयोगशाळेत दिसले. रुग्णांच्या मेंदूतील पुंजक्यांत तांबे, लोह आणि जस्त आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त साचलेले आढळले. पुंजक्यात अडकलेले तांबे व लोह उतावीळ कण निर्माण करतात, ते कण आणखी प्रथिने बिघडवतात, आणि बिघडलेली प्रथिने आणखी धातू पकडतात. कंपवातात मेंदूच्या मध्यभागातील ‘काळा पदार्थ’ नावाच्या पट्ट्यात लोह वाढते. तेथील पेशींतले डोपामाइन स्वतःही सहज ऑक्सिडित होणारे असल्याने नुकसान दुणावते.

मात्र या चक्राची सुरुवात कोण करतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. धातू बाहेरून जास्त आला म्हणून रोग झाला, की रोगामुळे आतील धातूंची व्यवस्था कोलमडली? बहुतेक पुरावा दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. घरातील पातेल्यावर आरोप ठेवण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

जेथे धातूच खरा अपराधी

काही रोगांत दोष थेट धातूचा असतो. सॅम्युएल किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेला विल्सनचा रोग त्यांतला. यकृतातून तांबे पित्तावाटे बाहेर टाकणारे प्रथिन जन्मतःच सदोष असल्याने तांबे आधी यकृतात आणि मग मेंदूत साचते. किशोरवयात किंवा तरुणपणी हात थरथरणे, बोलणे अस्पष्ट होणे, अक्षर बिघडणे, अभ्यासात अचानक घसरण, स्वभावात बदल अशी लक्षणे दिसतात. पुष्कळ रुग्णांत डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडे आढळते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत या रोगाच्या रुग्णांचा अभ्यास अनेक दशके सुरू असून २८२ रुग्णांवरील तिचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला.

सीमाभागासाठी या रोगाला विशेष अर्थ आहे. तो होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची जुनी चाल आहे, आणि अशा नात्यात एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. हा रोग लवकर ओळखला तर आटोक्यात ठेवता येतो. तांबे पकडून लघवीवाटे बाहेर नेणारे पेनिसिलामाइन १९५६ पासून उपलब्ध आहे, आणि जस्ताच्या गोळ्या आतड्यातून तांबे शोषले जाणे रोखतात. उपचार आयुष्यभर चालवावे लागतात. एका मुलात रोग सापडला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लक्षणे नसतानाही करणे आवश्यक असते. ‘अंगात आले’ किंवा ‘नजर लागली’ म्हणून घालवलेली दोन वर्षे येथे भरून निघत नाहीत.

दुसरा धातू मँगनीज. गोव्याच्या खाणपट्ट्यात लोहखनिजाबरोबर मँगनीजही निघत आले, त्यामुळे तो येथील वाचकांना अनोळखी नाही. मँगनीजची भुकटी दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास कंपवातासारखा विकार जडतो, हे स्कॉटलंडमधील जॉन कूपर यांनी १८३७ साली खनिज दळणाऱ्या कामगारांत नोंदवले. धोका खनिज जमिनीत असण्याचा नसतो, तर दळण, वितळण आणि वेल्डिंगच्या वेळी उठणाऱ्या धुळीचा व धुराचा असतो. कंपवातावरील नेहमीची औषधे या विकारात फारशी लागू पडत नाहीत.

ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा खटला

ॲल्युमिनियम शरीराला कोणत्याही ज्ञात कामासाठी लागत नाही. तरीही तो टाळता येत नाही, कारण पृथ्वीच्या कवचातील हा सर्वांत मुबलक धातू आहे, सुमारे ८ टक्के. माती, पाणी, चहा, भाजीपाला, पाणी निवळायला फिरवलेली तुरटी, या सर्वांत तो असतो.

संशयाची सुरुवात १९६५ साली झाली. सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर पेशींत गुंते दिसले. १९७३ साली अल्झायमरच्या काही रुग्णांच्या मेंदूत हा धातू जास्त असल्याचे वृत्त आले. १९७६ मध्ये डायलिसिसवरील रुग्णांना होणाऱ्या एका विशिष्ट बुद्धिभ्रंशाचा संबंध ॲल्युमिनियमशी जोडला गेला. तो आरोप खरा ठरला. डायलिसिसच्या पाण्यातील ॲल्युमिनियम थेट रक्तात जात होते आणि निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नव्हती. पाणी शुद्ध करण्याची पद्धत सुधारल्यावर हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. पण त्या मेंदूंत अल्झायमरसारखे पुंजके आणि गुंते नव्हते. तो वेगळाच विकार होता.

पुढे १९८६ साली अल्झायमरच्या पुंजक्यांच्या गाभ्यात ॲल्युमिनियम सापडल्याचा दावा झाला. १९९२ साली अधिक सूक्ष्म तंत्राने, नमुन्यांना रसायने न लावता तपासणी केली असता तेथे ते आढळले नाही. आधी सापडलेला धातू बहुधा रंगवण्याच्या रसायनांतून आला होता. सशांतील गुंतेही मानवी गुंत्यांहून रचनेने निराळे असल्याचे स्पष्ट झाले.

याचा अर्थ ॲल्युमिनियम पूर्णपणे निर्दोष ठरला, असा नाही. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण अधिक असलेल्या भागांतील काही पाहण्यांत स्मृतिभ्रंशाचा संबंध दिसला, इतर काहींत दिसला नाही, आणि कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. धुळीची गोष्ट आणखी वेगळी. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९४३ ते १९७९ या काळात फुप्फुसांच्या संरक्षणाच्या कल्पनेने खाणकामगारांना ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हुंगायला लावत. त्यांच्यात कंपवाताचे प्रमाण वाढलेले पुढील अभ्यासात दिसले. म्हणून ॲल्युमिनियमची धूळ उडते अशा कोणत्याही जागी काम करणाऱ्याने मुखपट्टी आणि वायुवीजन यांचा आग्रह धरणे रास्त आहे.

स्वयंपाकघराचा हिशेब मात्र साधा आहे. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी बहुधा अर्धा टक्काही रक्तात शोषले जात नाही, आणि निरोगी मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. प्रौढ माणसासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली आठवड्याची सह्य मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. भाताच्या पातेल्यातून किंवा कुकरमधून उतरणारा धातू सहसा फार थोडा असतो. चिंच, आमसूल, टोमॅटो किंवा ताक घातलेले पदार्थ मात्र धातू अधिक विरघळवतात. सोलकढी, आमटी, कढी असे पदार्थ साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवू नयेत, स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात काढावेत. एवढी खबरदारी पुरेशी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पातेल्यापेक्षा पित्तावरच्या काही औषधांकडे पाहावे. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असलेल्या अशा औषधांतून दिवसाला शेकडो मिलिग्रॅम धातू पोटात जातो, आणि त्या रुग्णांनी तो वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

ॲल्युमिनियमला घाबरून सर्व पाणी तांब्याच्या भांड्यातून पिण्याची नवी लाटही आली आहे. निरोगी माणसाने तांब्यातले साधे पाणी प्यायल्यास बिघडत नाही. विल्सनच्या रोगाच्या घरात मात्र ती भांडी रुग्णासाठी वर्ज्य, आणि आंबट पदार्थ तर बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत कोणीच ठेवू नयेत. कल्हईवाल्याची हाक दारावर येत असे, तेव्हा हे शहाणपण घराघरांत होते.

निपाणीची तंबाखू : उलटा हिशेब

धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण कमी दिसते, ही गोष्ट खरी आहे. गेल्या सुमारे साठ वर्षांच्या अनेक पाहण्यांत ती आढळली. निकोटीन चेतापेशींचे रक्षण करत असावे, असा तर्क त्यातून निघाला. हा तर्क माणसांवर तपासला गेला. कंपवाताच्या प्रारंभिक अवस्थेतील १६२ रुग्णांवर जर्मनी व अमेरिकेत वर्षभर निकोटीनच्या त्वचेवर लावायच्या पट्ट्यांची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. निकोटीनने रोगाचा वेग कमी झाला नाही. धूम्रपान आणि कंपवात यांच्या त्या उलट्या नात्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की रोगाच्या सुप्तावस्थेत डोपामाइन घटल्याने माणसाला व्यसन सोडणे सोपे जाते. म्हणजे तंबाखूने रोग टळला नसून येणाऱ्या रोगाने तंबाखू सुटली असावी.

धातूंच्या दृष्टीने तंबाखूचे झाड आणखी एका कारणाने वेगळे आहे. ते जमिनीतील कॅडमियम शोषून पानांत साठवते. धुरावाटे हा धातू फुप्फुसांतून सहज रक्तात जातो आणि मूत्रपिंडात दशकानुदशके टिकतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातील कॅडमियमचा साठा न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. कॅडमियम स्वतः फेन्टनची अभिक्रिया घडवत नाही, पण ग्लुटाथायोनसारख्या पहारेकऱ्यांना बांधून टाकतो आणि जस्ताची जागा बळकावतो. परिणाम तोच : ऑक्सिडीकरणाचा ताण. त्यावर धुरातील असंख्य उतावीळ कणांची भर पडते आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात त्या वेगळ्याच.

सीमाभागात प्रश्न विडीपुरता नाही. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू आणि बायकांची मिसरी हेही त्याच पानाचे प्रकार. शेतात ओल्या पानांची खुडणी करणाऱ्यांच्या त्वचेतून निकोटीन शिरून मळमळ, चक्कर, अशक्तपणा येतो. वखारीत आणि विडीच्या कामात तंबाखूची धूळ दिवसभर सोबत असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात २६.६, कर्नाटकात २२.८, तर गोव्यात सर्वांत कमी म्हणजे ९.७ टक्के. बुद्धिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान ठामपणे मोजले जाते, ॲल्युमिनियमचे पातेले त्या यादीत नाही.

धातू काढून टाकले तर?

विल्सनच्या रोगात तांबे काढल्याने रुग्ण सुधारतो, मग अल्झायमर आणि कंपवातात तसे का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तो विचारला गेला आणि त्याचे उत्तर निराशाजनक आले. लोह बांधून नेणारे डेफेरिप्रोन हे औषध नुकताच कंपवात जडलेल्या, डोपामाइनचे उपचार सुरू न झालेल्या ३७२ रुग्णांवर वापरले गेले. २०२२ अखेर आलेल्या निष्कर्षानुसार मेंदूतील लोह घटले, पण औषध घेणाऱ्यांची लक्षणे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडली. अल्झायमरमध्येही याच औषधाने ऱ्हास वेगाने झाल्याचे नंतरच्या एका चाचणीत दिसले. डोपामाइन तयार करण्यासाठी लागणारे लोहच काढून घेतल्याचा हा परिणाम असावा. विल्सनच्या रोगात जादा धातू हेच मूळ कारण असते, येथे तसे नाही, हे या चाचण्यांनी दाखवले. ‘शरीरातील धातू बाहेर काढण्याचे’ महागडे उपचार विस्मरणावर विकणाऱ्यांना म्हणूनच दूर ठेवावे.

ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या गोळ्यांचीही हीच कथा. १९९३ साली पूर्ण झालेल्या, ८०० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत मोठ्या मात्रेतील ‘ई’ जीवनसत्त्वाने कंपवाताची वाटचाल थांबली नाही. सांगलीच्या हळदीतील कुर्क्युमिन परीक्षानळीत अमायलॉइडला चिकटते, धातूही पकडते. अल्झायमरच्या रुग्णांवरील छोट्या चाचण्यांत मात्र लाभ दिसला नाही, कारण ते रक्तात फारच कमी शोषले जाते. हळद जेवणात असावी, औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये.

पश्चिम घाटातील एका वेलीने मात्र खरोखर वाट दाखवली. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असते, हे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ साली दाखवले. कंपवातावरील आजचे मुख्य औषध तेच. ते डोपामाइनची उणीव भरून काढते आणि हालचाल सुधारते, पण प्रथिनांचे पुंजके थांबवत नाही. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण कमीजास्त असल्याने घरी चूर्ण करून घेणे, तेही चालू औषधांबरोबर, धोक्याचे ठरते.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड काढून टाकणारी प्रतिपिंडे २०२१ पासून अमेरिकेत मान्य झाली. त्यांतील लेकानेमॅबने दीड वर्षात ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला. रोग थांबला नाही, आणि काही रुग्णांत मेंदूला सूज येणे वा सूक्ष्म रक्तस्राव होणे हे दुष्परिणाम दिसले.

दोन भाषांचा आधार, एका भाषेची परीक्षा

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना, बुद्धिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. या पार्श्वभूमीवर सीमाभागाला दिलासा देणारी एक गोष्ट हैदराबादमधून आली. तेथील निझाम्स वैद्यकीय संस्थेत ६४८ रुग्णांच्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत बुद्धिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे २०१३ साली नोंदवले गेले. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. दुसऱ्या भाषेने पुंजके होत नाहीत असे नव्हे, पण मेंदूची शिल्लक ताकद वाढत असावी. इतर देशांतील सर्व अभ्यासांत हेच आढळले असे नाही. तरीही घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या बेळगावकराला भाषांच्या वादापलीकडे हा एक लाभ मिळत असण्याची शक्यता आहे.

निदानाच्या खोलीत मात्र हीच द्विभाषिकता अडचण होऊ शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृती व आकलन तपासण्याचा जो संच तयार केला, तो सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत होता. मराठी त्यात नव्हती. आयुष्यभर मराठीत विचार केलेल्या आजोबांना कन्नडमध्ये शब्द आठवायला सांगितले, तर आलेले गुण रोगाचे की भाषेचे, हे सांगणे कठीण. कुटुंबाने रुग्णाची घरची भाषा आणि शिक्षण डॉक्टरांना आधीच सांगावे, आणि चाचणी त्याच भाषेत घेण्याची विनंती करावी. उत्तरे मात्र रुग्णालाच देऊ द्यावीत. मदतीला बसलेल्या मुलाने शब्द सुचवले, की चाचणी निरुपयोगी होते.

घराने काय करावे

नुकतेच घडलेले विसरणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, पैशांच्या हिशेबात नवा गोंधळ, विसावलेल्या हाताला कंप, चालताना पाय घासणे, वासाची जाणीव कमी होणे यांपैकी काही सहा महिन्यांत वाढत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, डोक्याला मार लागून साचलेले रक्त ही विस्मरणाची कारणे उपचारांनी दूर होऊ शकतात. साध्या रक्त तपासण्या आणि डोक्याचे चित्रण यांनी ती ओळखता येतात. चाळिशीच्या आत कंप किंवा बोलण्यात बदल झाला, तर विल्सनच्या रोगाची तपासणी मागून घ्यावी.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली १४ घटक मांडले आणि ते आयुष्यभर सांभाळले तर जगातील जवळपास ४५ टक्के बुद्धिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असे म्हटले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, मद्य, डोक्याची दुखापत, हवेचे प्रदूषण, कमी शिक्षण, नैराश्य, एकटेपणा, कमी झालेली श्रवणशक्ती व दृष्टी, आणि धूम्रपान आहे. जुने पातेले बदलायचे की नाही, हा निर्णय सवडीने घेता येईल. वडिलांच्या कानाचे यंत्र, आईच्या रक्तदाबाची गोळी, आणि घरातली विडी वा मिसरीची डबी यांचा निर्णय मात्र याच महिन्यात घेण्यासारखा आहे.